डेलच्या हिरवळीवरची तेरा पावलं

हार्लन एशलमनला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात त्याला स्वतःबद्दल एक गोष्ट कळून चुकली होती. आपल्याला फारसं काही येत नाही. चौतीस वर्षं गावातल्या एकुलत्या एका औषधांच्या दुकानात पांढरा कोट घालून उभं राहिल्यामुळे ही गोष्ट झाकून राहिली होती. पांढऱ्या कोटातल्या माणसाला लोक काहीही विचारतात आणि तो सांगेल ते खरं मानतात. कुणी त्याला गाडीच्या टायरबद्दल विचारी, कुणी पोराला कुठल्या कॉलेजात घालू म्हणून विचारी, आणि हार्लन चष्म्याच्या वरून बघत, जरा थांबून, काहीतरी वजनदार उत्तर देई. कोट गेला तसे विचारणारेही गेले. उरली बायको लॉरेन, जी चाळीस वर्षं ओळखत असल्यामुळे त्याला काहीच विचारत नसे, आणि उरली घरापुढची हिरवळ.

तिला हिरवळ म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. एप्रिल संपत आला की ती पिवळीधमक होई. पेनसिल्व्हेनियाच्या त्या भागात डँडेलियन कुणाच्या अंगणात नाही? पण हार्लनच्या अंगणात ते पाहुण्यासारखे नव्हते, घरचे असल्यासारखे होते. दातेरी पानं जमिनीला चिकटून पसरलेली, खाली बोटाएवढं जाड मूळ, आणि वर ते पिवळं फूल. तीन दिवसांत त्या फुलाची म्हातारी होई आणि वाऱ्यावर निघे. वारा पश्चिमेकडून येई, आणि हार्लनच्या पूर्वेला डेल ब्रूबेकरचं घर होतं.

डेल शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात जन्म घालवलेला माणूस. त्याची बायको नेओमी तीन वर्षांपूर्वी गेली, आणि तेव्हापासून त्यानं आपला सगळा जीव अंगणात ओतला होता. त्याचं गवत असं होतं की त्यावरून चालायचं तर पायातले बूट काढावेत की काय असं वाटे. दोन्ही अंगणांच्या मधे कुंपण नव्हतं. पण हद्द कुठं आहे हे आंधळ्यानंही सांगितलं असतं.

डेल तक्रार करत नसे. तो रविवारी दुपारी कॉफीचा रिकामा डबा आणि एक जुनी सुरी घेऊन हद्दीवरून सावकाश चालत येई आणि ओलांडून आलेले डँडेलियन एकेक करून उपटी. हार्लनच्या घराकडे तो मान वर करूनही बघत नसे. हार्लन पडद्याआडून बघत असे. त्यापेक्षा त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला दर रविवारी वाटे.

पहिल्या वर्षी हार्लननं हातानं सुरुवात केली. टोकाला दोन दात असलेली लांब सळई आणली आणि गुडघे टेकून एकेक मूळ उकरायला बसला. मूळ अर्ध्यात तुटे. वरचा भाग हातात येई, खालचा जमिनीत राही, आणि पंधरा दिवसांत त्याच जागी दोन रोपं दिसत. हार्लन लॉरेनला म्हणाला की आपण तण काढत नसून त्याची लागवड करतोय. पुढे त्यानं व्हिनेगर फवारलं. डँडेलियनला त्याचं काही वाटलं नाही, पण आठवडाभर घराभोवती लोणच्यातल्या बिटासारखा वास येत राहिला. मग कुणीतरी उकळतं पाणी सांगितलं. तो किटली घेऊन फिरला आणि तिसऱ्याच फेरीत स्वतःच्या अंगठ्यावर ओतून घेतलं. यंत्रानं गवत अगदी खोल कापून पाहिलं, तर फुलं मान खाली घालून, पात्याच्या खालच्या उंचीवर फुलायला शिकली. आपल्याला या वयात काही नवीन शिकता येत नाही आणि हे गवत महिन्याभरात शिकतं, याचा त्याला मनापासून राग आला.

लॉरेनचं म्हणणं असं की लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण एवढं लक्ष त्यानं आपल्याकडे कधी दिलं नाही. कुठला डँडेलियन कुठं राहतो हे त्याला पाठ होतं.

शेवटी दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात हार्लननं तणनाशक वापरायचं ठरवलं. हे त्याला आधीच सुचायला हवं होतं, कारण औषध हा त्याचा धंदा. अंगणातल्या शेडमधे एकाच कंपनीचे दोन पांढरे कॅन होते. दोन्हींची झाकणं लाल. एक गवतावर मारायचं, म्हणजे रुंद पानांचं तण मरतं आणि गवत राहतं. दुसरं गाडीच्या वाटेवरच्या खडीत मारायचं. त्यानं जे हिरवं दिसेल ते मरतं.

आता इथं एक सांगायला हवं. दुकानात हार्लनची एक सवय होती आणि गावातलं लहानथोर तिला कंटाळलेलं होतं. औषधाची बाटली तो गिऱ्हाईकाच्या हातात सहजी देत नसे. आधी लेबल मोठ्यानं वाचून दाखवायला लावी. मागे रांग लागली तरी सोडत नसे. गावात त्याचं नावच ‘आधी वाचा’ पडलं होतं.

त्या शनिवारी सकाळी सात वाजता वारा नव्हता, आकाश स्वच्छ होतं, आणि हार्लनचा चष्मा स्वयंपाकघरातल्या टेबलावर शब्दकोड्याशेजारी पडलेला होता. शेडमधे गेल्यावर त्याला ते आठवलं. पण परत जायचं म्हणजे बूट काढा, पुन्हा घाला, आणि लॉरेन विचारणार की काय राहिलं. चौतीस वर्षं बाटल्या हाताळलेला माणूस मी, त्यानं मनाशी म्हटलं, कॅन हातात घेतला की कळतंच. त्यानं एक कॅन उचलला, वजन करून पाहिलं, आणि त्याला कळलं. मग त्यानं मापाच्या पेल्यात थेंबाथेंबाचा हिशेब धरून द्रावण केलं. चुकीचं औषध त्यानं अगदी अचूक मापात कालवलं.

दोन तास तो पंप घेऊन फिरत होता. नुसतं सरसकट फवारलं नाही, एकेका डँडेलियनसमोर उभं राहून, त्याच्या मध्यावर नेम धरून मारलं. गुडघ्यापर्यंत बूट ओले झाले. काम संपलं तेव्हा डेल आपल्या ओट्यावर कॉफीचा मग घेऊन बसलेला दिसला, आणि हार्लनला राहवलं नाही. तो हद्द ओलांडून सरळ त्या गवतावरून डेलच्या ओट्यापाशी गेला. डेलनं बुटांकडे पाहिलं, पण शेजारधर्म म्हणून काही बोलला नाही. हार्लन तिथं उभा राहून पाव तास बोलला. आज मोहीम फत्ते केली म्हणाला. दहा दिवसांनी माझ्या अंगणात एक पिवळं फूल दाखव म्हणाला. तणनाशक झाडाच्या शिरांतून मुळापर्यंत कसं उतरतं तेही समजावून सांगितलं. डेलनं एवढंच म्हटलं की बरं होईल. मग लॉरेननं नाश्त्याला हाक मारली आणि हार्लन फुटपाथवरून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी चर्चहून परतताना मेबलआत्या टोपली घेऊन आली. मेबल क्रायडर ऐंशीच्या पुढची, कोपऱ्यावरच्या घरात एकटी राहणारी. सगळं गाव तिला आत्या म्हणे. ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, फूल यायच्या आत, ती दरवर्षी हार्लनच्या अंगणातून डँडेलियनची कोवळी पानं खुडून नेई. अग्निशमन दलाच्या हॉलमधे त्या पानांवर बेकनची गरम फोडणी घालून सॅलड होई, आणि त्या जेवणात दोनदा वाढून घेणाऱ्यांत हार्लन असे. खाताना शत्रू म्हणून ओळख पटत नसे. मे महिन्यात ती फुलं नेई, जेली करायला.

हार्लननं तिला घाईघाईनं अंगणाबाहेरच थांबवलं आणि काल फवारणी केल्याचं सांगितलं. मेबलआत्यानं टोपली दुसऱ्या हातात घेतली.

“विष टाकलंस,” ती म्हणाली, “आणि निरोप आज देतोयस. मी काल संध्याकाळी आले असते तर?”

“आत्या, ते फक्त तणाला लागतं. माणसाला काही होत नाही.”

“तसं लिहिलंय त्याच्यावर?”

“लिहिलंय,” हार्लन म्हणाला. ते त्यानं वाचलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी डँडेलियनची पानं आकसली. पाचव्या दिवशी माना टाकल्या. हार्लन सकाळ संध्याकाळ हात मागे बांधून अंगणात फेऱ्या घालू लागला. आठव्या दिवशी प्रत्येक मेलेल्या डँडेलियनभोवती जेवणाच्या ताटाएवढं गवत पिवळं दिसलं. त्यानं स्वतःची समजूत काढली की ऊन लागलं असेल. दहाव्या दिवशी ती ताटं एकमेकांना मिळाली, आणि अंगणाला अशी कळा आली की जणू त्यावर कुणी जुनं गोणपाट अंथरलंय. त्या दिवशी हार्लन चष्मा लावून शेडमधे गेला. कॅन उचलला. वाचला. मग गवत कापायच्या यंत्रावर बसून राहिला. असं गिऱ्हाईक दुकानात आलं असतं तर आपण त्याला डोकेदुखीची गोळीसुद्धा दिली नसती, असं त्याच्या मनात आलं.

लॉरेन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तो आत आला तेव्हा ती भांडी पुसत होती.

“पिवळं नको होतं ना तुला?” ती म्हणाली. “आता सगळंच पिवळं झालंय.”

एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. त्याच दुपारी डेलनं हाक मारली. तो आपल्या अंगणाच्या मधोमध उभा राहून खाली बघत होता. त्या मखमली गवतावर, हार्लनच्या हद्दीपासून निघून ओट्यापर्यंत, वाळलेल्या गवताची पावलं उमटली होती. अकरा पावलं चालत गेलेली, पहिली ठळक, पुढची जरा फिकट. आणि ओट्यासमोर दोन पावलं शेजारी शेजारी, सगळ्यांत गडद. तिथं कुणीतरी बराच वेळ उभं राहून बोललं होतं. एकूण तेरा. डेलनं मोजली होती.

हार्लनला पाहताक्षणी कळलं. तणनाशकात भिजलेले बूट घेऊन तो इथून चालत आला होता आणि इथं उभं राहून त्यानं फुशारकी मारली होती. सांगायचं ते एका वाक्यात सांगून झालं असतं. पण डेलनं मान वर केली आणि त्याच जुन्या विश्वासानं विचारलं, “हे काय असेल रे? तुला कळतं औषधातलं.”

किती दिवसांनी कुणीतरी त्याला काही विचारत होतं. हार्लननं खाली वाकून एक काडी तोडली, चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं, आणि तो जरा थांबला.

“बुरशी असावी,” तो म्हणाला.

नुसतं एवढंच नाही. त्यानं तिचं लांबलचक लॅटिन नावही सांगितलं. रात्री जेवताना त्याला आठवलं की ते पायाच्या नखांत होणाऱ्या बुरशीचं नाव होतं.

डेलनं दुसऱ्याच दिवशी गावाबाहेरच्या शेती दुकानातून बुरशीचं औषध आणलं. वर हार्लनच्या अंगणाची अवस्था बघून त्याला वाईट वाटलं. तुझ्याकडे तर माझ्यापेक्षा जास्त लागण दिसते म्हणाला, आणि उरलेली अर्धी बाटली त्यानं हार्लनला आणून दिली. मग काय करणार? डेल ओट्यावर बसून बघत असताना हार्लननं ते औषध आपल्या मेलेल्या गवतावर शिंपडलं. मेलेल्यावर उपचार करताना चेहरा गंभीर ठेवावा लागतो, आणि तेवढं त्याला जमलं. लॉरेन खिडकीतून गेली ती पुन्हा खिडकीत आली नाही. तिचं हसणं मात्र ऐकू येत होतं.

डेल बोलायला कमी होता, पण विचार करायला पक्का. पावलं हार्लनच्या अंगणातून निघतात आणि आपल्या ओट्यापाशी येतात. बुरशीही आधी हार्लनकडे दिसली. तर मग ती इथं आणली कुणी? हार्लन त्या वाटेनं एकदाच आला होता; रोज चालणारं एकच माणूस होतं. जनेल, टपाल वाटणारी बाई. हार्लनच्या पेटीत पत्रं टाकून ती गवत तुडवत डेलच्या ओट्याकडे जाई. नऊ वर्षं जात होती.

हार्लनला हे कळलं ते पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. जनेल त्याच्या पायरीपाशी आली, पत्रं दिली, आणि डेलकडे जायला उलटी फिरून फुटपाथवरून सगळा वळसा घालून निघाली. एरवी ती दोन गोष्टी बोलल्याशिवाय पुढे जात नसे. हार्लननं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की ब्रूबेकरसाहेबांनी तिला पायरीवर उभं करून झापलं. म्हणाले, तू बुटांवरून रोग आणलास. तिच्या वरच्या साहेबाला फोन केला. साहेबानं तिला चिठ्ठी दिली. पुन्हा कुणाच्या गवतावर पाय ठेवायचा नाही, असं लिहिलेली.

“तुम्ही औषधवाले आहात,” ती म्हणाली. “खरंच असा बुटांवरून रोग जातो का?”

हार्लननं घसा खाकरला. हीच वेळ होती हे त्यालाही कळत होतं.

“शक्यता असते,” तो म्हणाला.

जनेलनं मान हलवली आणि ती वळसा घालून गेली. हार्लन पायरीवर उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. चौतीस वर्षांत त्यानं चुकीचं औषध कधी दिलं नव्हतं, त्याचा त्याला अभिमान होता. आणि आता तीन आठवड्यांत त्यानं अंगण मारलं, शेजाऱ्याचं गवत मारलं, आणि एका भल्या बाईच्या नोकरीवर डाग लावला. तेही सगळं कोट न घालता.

दुपारी त्याला जेवण गेलं नाही. त्यानं लॉरेनला सगळं सांगितलं. लॉरेनला ते आठवडाभर आधीच कळलेलं होतं. गॅरेजमधे बूट होते, बुटांना वास होता, आणि ती काही बसगाड्यांची मेकॅनिक नव्हती की बुरशीवर विश्वास ठेवील.

“मग तू मला काही बोलली का नाहीस?” हार्लननं विचारलं.

“तू कधी सांगतोस ते बघत होते. माझ्या अंदाजापेक्षा चार दिवस जास्त लागले.” तिनं त्याच्यापुढची ताटली उचलली. “जा आता. वाट चुकायची भीती नाही. पावलं आहेतच.”

डेल अंगणात गुडघ्यांवर बसून त्या पावलांतली माती उकरून बघत होता. हार्लननं मनात एक भाषण तयार केलं होतं. त्यात सुरुवातीला दोन्ही कॅन कसे सारखे दिसतात हे होतं आणि चष्म्याबद्दलही काही होतं. डेलसमोर उभं राहिल्यावर ते सगळं गळून गेलं.

“डेल, ती बुरशी नाही,” तो म्हणाला. “माझे बूट आहेत. मी खडीवरचं तणनाशक मारलं, आणि तसाच तुझ्याकडे आलो.”

डेलनं हातातली माती खाली टाकली. मग म्हणाला, “पाय ठेव.”

हार्लननं एका पावलात पाय ठेवला. उजवा. गुडघ्याच्या जुन्या दुखण्यामुळे त्याचं उजवं पाऊल बाहेर वळतं. वाळलेलं पाऊलही तसंच वळलेलं होतं. बूट त्यात असा बसला की कडेला एक पातंही उरलं नाही.

“हे तुला पहिल्या दिवशी माहीत होतं?”

“होतं.”

डेल उठला. गुडघ्यांची माती झटकायलाही त्याला वेळ लागला.

“नेओमीच्या गोळ्यांची डबी तू भरून द्यायचास,” तो म्हणाला. “दर रविवारी. दीड वर्षं. मी एकदाही उघडून बघितली नाही.”

आणि तो घरात गेला. दार त्यानं आपटलं नाही, नेहमीसारखं लावलं. हार्लन त्या पावलात एक पाय ठेवून तसाच उभा होता. आता परत कुठल्या वाटेनं जायचं हेही त्याला कळेना, म्हणून तो फुटपाथवरून गेला.

दुसऱ्या दिवशी तो टपाल कार्यालयात गेला आणि जनेलच्या साहेबाला भेटायचंय म्हणाला. साहेब आत होता, खिडकीपाशी मुलगी होती, आणि तिनं काय काम आहे ते इथंच सांगा म्हटलं. मागे सात माणसं रांगेत होती. हार्लननं सांगितलं. कॅन, चष्मा, बूट, बुरशी, सगळं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. न्हाव्याकडे गेला तर तिथं बसलेल्या दोघांनी त्याला वर्तमानपत्र दिलं आणि आधी वाच म्हणाले. जनेलची चिठ्ठी फाटली. ती मात्र त्याच्यावर फारशी रागावली नाही. तिनं आपला पाय उचलून त्याच्या बुटाशेजारी धरला आणि म्हणाली की हा पाय आणि ते पाऊल एक नाही, हे ब्रूबेकरसाहेबांना त्याच दिवशी दाखवायला हवं होतं. तिचे दोन्ही पाय त्याच्या एका बुटात मावले असते.

डेल बोलला नाही. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, शहीद सैनिकांच्या दिवशी, गल्लीतली सगळी माणसं दरवर्षी डेलच्या अंगणात जेवायला जमत. त्या वर्षीही जमली. त्यानं लांब टेबल नेमकं पावलांवर मांडलं आणि टेबलक्लॉथ खालपर्यंत सोडला. लॉरेननं बटाट्याचं सॅलड केलं, नवा फ्रॉक घातला, आणि हार्लनला घरी ठेवून ती गेली. त्यानं विचारलं की मी येऊ का. ती म्हणाली की तुला कुणी बोलावलेलं मला माहीत नाही. मग त्यानं हॅमचं सँडविच करून पडद्याआड उभ्यानंच खाल्लं. खिडकीपलीकडे मंडळी हसत होती. ती आपल्यालाच हसतायत असं त्याला वाटलं, आणि लॉरेननं परत आल्यावर सांगितलं की हो, बराचसा वेळ.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी डेल आला. फुटपाथवरून आला. हार्लन ओट्यावर बसला होता. समोर त्याचं अंगण उघडंबोडकं पडलं होतं आणि त्यात नुकतेच काही अंकुर दिसू लागले होते. मातीत दडलेल्या बियांतून आधी वर आले ते डँडेलियनच.

“तो कॅन आण,” डेल म्हणाला. “आणि चष्मा.”

हार्लननं दोन्ही आणलं. डेल पायरीवर बसला.

“वाच. मोठ्यानं.”

हार्लननं चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. असल्या कॅनवरचं लेबल हे लेबल नसतं, घडी घातलेली पुस्तिका असते. त्यानं घडी उलगडली. कशावर मारावं, कशावर मारू नये. डोळ्यांत गेलं तर काय. गिळलं तर काय. कुत्र्यामांजरांना कधी सोडावं. अर्ध्यावर मेबलआत्या रस्त्यानं चालली होती ती थांबली, आणि ऐकायला बरं वाटलं म्हणून रस्त्याकडेच्या दिव्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. लॉरेन दारात आली. हार्लनचा आवाज सुरुवातीला बसलेला होता. पण दहा मिनिटांनी, का कोण जाणे, तो दुकानातल्यासारखा स्वच्छ झाला. फवारलेली जागा वाळेपर्यंत तिच्यावरून चालून दुसऱ्या हिरवळीवर जाऊ नये, असं एक वाक्य आलं.

“ते पुन्हा वाच,” डेल म्हणाला.

हार्लननं पुन्हा वाचलं.

“अजून एकदा,” खांबापासून मेबलआत्या म्हणाली. “मला नीट ऐकू आलं नाही.”

तिला सगळं ऐकू येत असे. हार्लननं तिसऱ्यांदा वाचलं. मग कंपनीचा पत्ता वाचला, फोन नंबर वाचला, आणि पुस्तिका संपली. लॉरेननं आत जाऊन दोन कप कॉफी आणली.

डेलनं कॉफी प्यायली. उघड्या अंगणाकडे बघितलं. मग म्हणाला, “आत्ता बी टाकू नकोस. उन्हानं मरेल. सप्टेंबरात टाकू.”

हार्लनला त्यातला ‘टाकू’ ऐकू आला, पण त्यानं तसं दाखवलं नाही. गेल्या महिन्याभरात एवढी एकच गोष्ट त्यानं शहाणपणानं केली.

सप्टेंबरात त्यांनी टाकलं. म्हणजे डेल खुर्चीवर बसून सांगत होता आणि हार्लन गुडघ्यांवर होता. माती किती खोल मोकळी करायची, बी किती दाट पेरायचं, वर पेंढा कसा पसरायचा, पाणी किती वेळा. पिशवीच्या पाठीवरचा मजकूर डेलनं आधी स्वतः वाचला आणि नंतर हार्लनकडून वाचून घेतला. पिशवीतलं बी उरलं तेव्हा डेल म्हणाला की ते माझ्याकडच्या खड्ड्यांत टाक. हार्लन हद्दीपलीकडे गेला, बूट काढून नुसत्या मोज्यांवर, आणि त्यानं तेरा पावलांत तेरा मुठी टाकल्या.

पुढच्या वसंतात हार्लनचं अंगण हिरवं झालं. अगदी डेलसारखं नाही, पण लांबून बघणाऱ्याला कळलं नसतं. डँडेलियन होते, पण थोडे. मेबलआत्यानं त्यांना हात लावायला नकार दिला. या अंगणातलं अजून दोन वर्षं खाणार नाही म्हणाली, आणि पानं खुडायला भाच्याच्या कुरणात गेली.

डेलच्या अंगणात मात्र वेगळंच झालं. हार्लनच्या पिशवीतलं बी निराळ्या जातीचं होतं. ते डेलच्या गवतापेक्षा दोन छटा गडद आलं आणि दाटही आलं. त्या मखमलीवर तेरा हिरवीगार पावलं उठून दिसू लागली. अकरा चालत गेलेली, दोन उभी राहिलेली, आणि उजवं प्रत्येक वेळी बाहेर वळलेलं. वाळलेली होती तेव्हा कुणी बुरशी म्हणून तरी सोडून दिली असती. आता रस्त्यावरून जाणारी गाडीसुद्धा जरा हळू होई.

हार्लननं बी बदलून पुन्हा पेरायची तयारी दाखवली. लॉरेनही म्हणाली की ती जागा खणून काढता येईल, अर्ध्या दिवसाचं काम आहे. डेलनं पावलांकडे पाहिलं.

“गवत चांगलं आलंय,” तो म्हणाला, आणि यंत्र सुरू करायला गेला.